कुंपणाआतला माळ

केजला एसटीतून उतरले तेव्हा पर्समध्ये विद्यापीठाचं माहितीपत्रक होतं आणि मनात शंका. भाची रेवाला बारावीनंतर इथंच शिकायचं होतं. गणितासोबत संगीत, इतिहासासोबत जीवशास्त्र शिकवणारं छोटंसं लिबरल आर्ट्स विद्यापीठ, तेही या माळावर! चकचकीत कागदावर इमारत उभी करायला काय लागतं? म्हणून बहिणीनं मला आधी बघून यायला धाडलं होतं.

विद्यापीठाचं नाव काढताच पुढच्या जीपचा ड्रायव्हर हसला. "कावून (कशाला) चाललात तिकडं? पोरं झाडाखाली बसून भांडत्यात निस्ती."

अर्ध्या वाटेत जीप पंक्चर झाली. उरलेला रस्ता पायीच. दोन्हीकडं कापलेल्या ज्वारीची धसकटं, आणि पुढं तारेचं कुंपण.

इमारत खरी होती. कुलसचिव फार गोड बोलले, त्यानं माझा संशय वाढलाच. दारातल्या फलकावर इतिहास कोरला होता : गावच्या जमीनदारांनी आपला पडीक माळ दान दिला, पत्र्याच्या शेडमध्ये पहिले वर्ग भरले, पुढं विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

"शिकवता कसं?" मी विचारलं.

"वर्गात बसूनच बघा ना."

इतिहासाचा तास होता. त्या जमीनदारांचे चिरंजीव, आताचे अध्यक्ष, पाहुणे म्हणून समोर बसले होते. गोदावरी नावाची धनगराची (मेंढपाळाची) मुलगी उठली.

"माळ पडीक न्हवता, सर. आमची मेंढरं चरायची तिथं."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "कोण म्हणतं असं?"

"आमी वस्त्यांवर फिरून इचारलंय. तुमच्या घरी बी आलतो. तुमच्या आईनंच सांगितलं."

आता हिला खाली बसवणार, असं मला वाटलं. शिकवणारे सर म्हणाले, "पुढं बोल." अध्यक्ष हळूच म्हणाले, "आई म्हणाली? मग असंल."

हे सगळं मला दाखवायला तर नाही? मेसमध्ये पिठलं-भाकरी खाताना मी गोदावरीला सरळ विचारलं.

"नाटक असतं तर वस्त्या कावून पालथ्या घातल्या असत्या, मावशी?" तिचा घास हातातच राहिला होता. "पटत नसंल तर आमच्या आप्पाला इचारा. कुंपणाभायेर हाय."

आप्पा मेंढरांमागं उभे होते. "पोरगी खरं बोलती," ते म्हणाले. "तिला आत घेतलं, लई झालं. मेंढरं मातर वळसा घालूनच न्यावी लागत्यात."

घरी रेवा दारातच उभी. "खरंच आहे ना गं ते?"

"आहे," मी म्हणाले, आणि गोदावरीचं, आप्पांचं बोलणंही सांगितलं. ती म्हणाली, "मला गोदावरीच्याच वर्गात बसायचंय."

मी तिला अडवलं नाही. विद्यापीठ खोटं निघेल म्हणून गेले होते. तसं ते निघालं नाही. पण आप्पांची मेंढरं अजून बाहेरच आहेत. त्याबाबत माझं मन अजून साशंक आहे, आणि रेवानंही तिथं गेल्यावर गोड बोलण्याला लगेच भुलू नये, असं मला वाटतं.