सासूबाईंची घसरगाडी

माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे जपानला, टोकियोतल्या हिगाशी-कसाईला आल्या आणि त्यांनी एकच टुमणं लावलं, "मला बर्फ दाखवा." शेवटी नवऱ्याने गाडी भाड्याने घेतली आणि आम्ही तिघं डोंगरातल्या एका ओनसेनला, गरम पाण्याच्या कुंडांच्या गावी गेलो. डोंगर ज्वालामुखीचा आहे हे माहीत होतं. पण इतका पांढराशुभ्र, गारठलेला डोंगर काय पेटणार, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसलो आणि खिडक्या खडखडल्या. शिखरावर काळा धूर! गावातला भोंगा वाजायला लागला. नवरा किल्ली घेऊन उठला, "चला, गाडीत बसा!" गाडी खाली नदीकाठी होती. हॉटेलच्या मालकीणबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. खाली नाही, वर! बर्फ वितळला की पाणी, राख, दगड सगळं नदीतूनच येतं, गाडीलाही गाठतं. मागच्या टेकडीवरच्या देवळात चढायचं.

"आईला एक जिना चढवत नाही हो," नवरा रडकुंडीला आला.

"तुम्ही दोघं जा वर," सासूबाई खुर्चीत घट्ट बसल्या. "माझं काय, पिकलं पान."

माझं डोकंच फिरलं. "बर्फ कोणाला बघायचा होता? उठा आधी! तुम्ही नाही तर मीही हलणार नाही." लग्न झाल्यापासून त्यांच्यावर मी पहिल्यांदाच ओरडले.

मालकीणबाईंनी मुलांची बर्फावर खेळायची लाल प्लॅस्टिकची घसरगाडी ओढत आणली. सासूबाईंना शालीसकट तिच्यात बसवलं. शेजारच्या टेबलावरच्या दोन पाहुण्यांनी, ओळख ना पाळख, पुढून दोरी धरली. आम्ही दोघं मागून ढकलत होतो. "अगं, पाडाल मला!" अर्ध्या चढापर्यंत हेच चाललं होतं. मग त्याच ओरडायला लागल्या, "जोर लगा के, हैय्या!"

देवळाशी पोचून धापा टाकत होतो तोच खालून घरघर ऐकू आली. काळा चिखल झाडं घेऊन आला. पूल गेला. मग आमची गाडी कलंडली आणि दिसेनाशी झाली.

सासूबाई माझा हात सोडेनात. "त्यात मी..." म्हणाल्या.

"आई, गप्प बसा," मी म्हणाले आणि ढसाढसा रडले.

त्या गडबडीत त्या दोघांची नावं विचारायची राहूनच गेली. सासूबाई आता पुण्यात रोज देवापुढे सगळ्यांसाठी मागणं मागतात, फोनवर मला ऐकू येतं. पहिले 'दोरी ओढणारे दोघे', मग 'दार अडवणारी बाई'. त्यांच्यानंतर, स्वतःच्या मुलाच्याही आधी, माझं नाव येतं.