चिंचेखालची जागा

मी सौंसर सोडलं ते संत्र्याच्या ट्रकवर बसून. करंड्यांवर गवत अंथरलेलं, त्यावर मी आणि माझी ट्रंक. खाली बाबा उभे होते, त्यांच्या शेजारी माझा धाकटा भाऊ वसंता, बगलेत पुस्तकं धरून. आम्ही दोघंही मॅट्रिक झालेले. मार्क माझे जास्त होते. तुमच्यापैकी ज्यांना आठवत असेल त्यांनी हे वसंतालाही एकदा सांगावं. बाबांनी घरात निकाल दिला होता, "एकानं कॉलेज कराव, एकानं अडत शिकाव. थोरल्याची जीभ चालते. थो बाजारात जाईन." जीभ चालते, या गुणापायी माझं शिक्षण संपलं.

ट्रक हलला तशी माय रडायला लागली. मीच तिला दटावलं, "रडून काहून राहिली? नागपूर का परदेश हाय? राजधानी हाय आपली."

तेव्हा होतीच.

नागपुरात मी आधी दुसऱ्याच्या अडतीच्या दुकानात करंड्या उचलल्या, तिथंच गोणपाटावर झोपलो. मालकाशी एक दिवस कडाक्याचं भांडण झालं आणि पुढच्याच बहाराला मी त्याच्या समोर माझ्या नावाची पाटी लावली. मला कुणी काही दिलं नाही. वसंता बी.ए.ला आला तो माझ्याच खोलीत राहिला, माझ्याच हातची भाजी-पोळी खाऊन परीक्षेला गेला. भाजी खारट असते, अशी त्याची तक्रार असे.

मग राज्यांची फेरमांडणी झाली. आपण मराठी बोलणारे, तेव्हा सौंसर-पांढुर्णा नागपूरबरोबरच येणार, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दुकानात बसून मी सगळ्यांना छातीठोक सांगत असे. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपल्या तहसिली मध्य प्रदेशातच राहिल्या, आणि राजधानी भोपाळला उठून गेली. बस तीच, रस्ता तोच. पण घरी गेलो की गावचे लोक विचारू लागले, "मुंबईवाले, कवा आले?" हसत विचारत, पण विचारत.

वसंता मात्र त्याच सुमारास मध्य प्रदेशचा म्हणून सरकारी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवून दिल्लीला एम.ए. करायला गेला. विषय होता समाजविकास आणि नगररचना. मी पोट धरून हसलो. "गावाचा नकाशा काढाले कॉलेज लागते काय बे?"

तो म्हणाला, "नकाशा मागून, दादा. आधी लोकांले विचाराव लागते. मंग रेघ मारायची."

हसलो खरा, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. लोकांना विचारण्याचीही पदवी मिळते, आणि ती याला मिळणार.

प्रबंधासाठी त्यानं सौंसरचा आठवडी बाजार निवडला. पावसाळ्यात तिथं घोटाभर चिखल असे. नाल्या, ओटे, बैलगाड्यांची वाट, सगळं नव्यानं मांडायचं होतं, आणि गावकारभाऱ्यांनीही त्याच्या आराखड्याप्रमाणे काम करायचं कबूल केलं होतं. वसंता टेप घेऊन फिरतो आणि बाया त्याला चहा पाजतात, ही बातमी मला ट्रक ड्रायव्हरनं दिली. मी दुकान गड्यावर टाकलं आणि बस धरली.

कारण त्या बाजारात चिंचेखाली बाबांची जागा होती. आमच्या बाजारात जागेवर खूण नसे; कोण कुठं बसतं हे सगळ्यांना ठाऊक असे. बाबांनी आम्हा दोघांना तिथंच दुपट्ट्याखालचा सौदा शिकवला. भाव तोंडानं बोलायचा नाही. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं दुपट्ट्याखाली हात घालायचे, बोटं दाबून मागायचं, बोटं दाबून सांगायचं. मूठ मिटली की सौदा पक्का, हात काढून घेतला की संपलं. बाबा तोवर गेले होते. ती जागा मला हवी होती.

चिंचेखाली रामाकोना गावची मथुराबाई वांग्यांचा ढीग लावून बसली होती. वसंता तिच्याजवळ उकिडवा बसून काहीतरी लिहून घेत होता.

"ही बाबाची जागा हाय," मी म्हणालो. "नकाशात माझं नाव टाक."

"नकाशात कोनाचंच नाव नाई, दादा. जो दर बाजारी बसते, त्याची जागा. तू बसशीन काय?"

"माहा धंदा नागपूरले हाय. मी कसा बसीन?"

"मंग?"

माझा आवाज चढला. माणसं जमली. कुणीतरी मागून म्हणालं, "काहून शेट, नागपुरात सावली महाग झाली काय?" सगळे हसले. मथुराबाई तेवढी हसली नाही. ती आपली टोपली दोन्ही हातांनी धरून बसली होती.

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, हातावर टाकला आणि वसंतापुढे केला. पॅन्ट-बुशशर्टातला माणूस, दिल्लीत शिकलेला. विसरला असेल, असं वाटलं. त्यानं हात आत घातला. मी बोटं दाबून अर्धी जागा मागितली. त्यानं बोट दाबलं नाही. माझा आख्खा पंजा त्यानं हातात धरला, बराच वेळ, बाबा शिकवताना धरत तसा. मग हळूच हात काढून घेतला.

दुपट्ट्याखालचं कुणाला दिसत नाही. म्हणून आजही मी चारचौघांत म्हणतो की तो सौदा मीच सोडला.

नवा बाजार बांधून झाला. चांगला झाला, हे कबूल करणं मला जड जातं. चिंच त्यानं तोडू दिली नाही, नाली तिला वळसा घालून गेली. त्याला नोकरीही तिकडचीच मिळाली. इतकं शिकून तो मायच्या हातचं जेवायला परत गेला. माझ्यासारखे जे नागपुरात, भिलाईत, आणखी कुठं कुठं पोटामागं गेले, त्यांनी खरं सांगावं, मागं राहिलेल्यांचा त्यांना हेवा वाटत नाही काय?

परवा गेलो होतो. मथुराबाईकडे वांग्यांचा भाव विचारला. तिनं सांगितला तो ऐकून मी भडकलो.

"हा कोनचा भाव?"

"नागपूरवाल्याले हाच हाय, भाऊ."

मी तिच्यासमोर ठाण मांडून बसलो. सावली आमच्यावरून सरकून पलीकडच्या ओट्यावर गेली तरी उठलो नाही. शेवटी ती वैतागली. "घ्या बावा, गावच्या भावानं घ्या. पन उठा आता, गिऱ्हाईक खोळंबून राहिलं."

वांगी मला नकोच होती. नागपुरात याहून चांगली मिळतात. तरी दर खेपेला मी तिथं बसतो आणि गावचा भाव घेतल्याशिवाय उठत नाही. त्या दिवशी मी दुपट्ट्यात वांगी बांधत होतो, तेवढ्यात वसंता आला. त्यानं भाव न विचारता पिशवी पुढे केली, आणि तिनं न सांगता भरली.