सखाबाईचा उपडा कप

अड्याळकडच्या त्या तलावकाठच्या गावात सखाबाईनं कोणाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं कोणी ऐकलं नाही. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बैठकीत ती रीतच नव्हे. वडीलधाऱ्यांसमोर जीभ चालवायची नाही. गोष्ट पटली नाही तर किटली फिरायला लागली की पुढ्यातला रिकामा कप उपडा घालायचा. एक कप उपडा पडला की बैठक मोडली. नवरा गेल्यापासून सखाबाई काठाकाठानं हातजाळ्यात मासोळ्या धरायची, बाजारात विकायची. तिची चूल त्यावरच पेटायची.

मग सरकारला नियम करायची हुक्की आली. तलावात जाळं टाकणार ते फक्त मच्छीमार संस्थेचे कार्डवाले. काठावरच्या बायांनी घरी बसून माशा माराव्या. पण नियम पक्का करण्याआधी जनतेचं ऐकायचं असतं म्हणे. म्हणून दुपार कलंडल्यावर मासेमारी खात्याचे साहेब ग्रामपंचायतीत सुनावणीला उगवले आणि मसुदा असा वाचला की भटजीचे मंत्र परवडले. "कोणाची हरकत?" मान वर न करता त्यांनी विचारलं. तोवर कागदी कप वाटून झाले होते, शिपाई किटली घेऊन निघाला.

सखाबाईनं कप उपडा घातला. तिच्यामागं एकेक करून साऱ्या बायांनी घातला. याहून मोठ्यानं 'नाही' म्हणायची त्यांच्यात सोयच नाही. साहेब म्हणाले, "चहा नको का कोणाला? बरोबर आहे, ऊन फार आहे." आणि लिहून टाकलं, हरकत नाही. नाकासमोरचा कप ज्याला दिसत नाही, तो काय डोंबल तलाव बघणार!

पण साहेबाचं सोडा, तो परका. संस्थेचा अध्यक्ष घनश्याम त्याच्या बाजूलाच बसला होता. सखाबाईच्या सख्ख्या दिराचा पोरगा, असे कप बघतच लहानाचा मोठा झालेला. तिला वाटलं, हा तरी सांगेल साहेबाला. त्या घरभेद्यानं मिशी पुसली आणि आणखी चहा मागितला.

पावसाळा सरला तसा तलावावर राखणदार आला आणि त्यानं सखाबाईचं जाळं जप्त केलं. ती घनश्यामकडं गेली. "काकी, सुनावणीत बोलाचं होतं ना," तो म्हणाला. "तवा मूग गिळून बसली, आता मी काय करू?" असल्या माणसावर थुंकीसुद्धा कोण वाया घालवतो? सखाबाई घरी आली.

माघात घनश्यामच्या पोराची, धर्मेंद्रची, सोयरीक पक्की करायला पाहुणे आले. घरातली मोठी म्हणून सखाबाईला मानानं मधोमध बसवलं. बोलणी झाली, कपबशा मांडल्या, किटली निघाली. सखाबाईनं आपला कप बशीत उपडा घातला. पाहुणेही ढिवरच. त्यांनी हातातले भरलेले कप खाली ठेवले.

घनश्याम लगबगीनं पुढं सरकला. "काकी, असं काहून करून राहिली? काय अडचण हाय, सांग ना साऱ्यायसमोर."

"मले कायची अडचण?" सखाबाई पदर सावरत म्हणाली. "तू होता ना सुनावणीत? लिवून घे, हरकत नाही."

पाहुणे उठून चपला शोधायला लागले.