बिअरसाठी आईचं जातं

घरी बिअर करायची तर बादली मिळते, बाटल्या मिळतात, यीस्टही मिळतं. गाडी अडते ती जव फोडण्यापाशी. मोड आणून वाळवलेला दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटला पाहिजे आणि टरफल मात्र अख्खं राहिलं पाहिजे, कारण पुढे रस गाळायला तेच उपयोगी पडतं. पीठ झालं की बादलीत लापशी.

हे मला शिकवलं माझ्या मित्राने. तो माकुणसारचा, बोईसरला माझ्याच कारखान्यात फिटर, राहायलाही माझ्या जवळच. मी घाटावरून नोकरीसाठी आलेला, इथे माझं कुणी नव्हतं. हा मला सख्ख्या भावासारखा आहे, असं मी चारचौघांत सांगायचो. आता ते आठवलं की माझाच मला राग येतो.

जव फोडायची यंत्रं ऑनलाइन मिळतात. त्यांची किंमत बघून आम्ही मोबाईल पालथा ठेवला. मिक्सरने पीठ केलं. लाटण्याने किलोभर दाण्यांत माझा खांदा भरून आला. गिरणीवाला चार किलोंसाठी गव्हाचे दगड सैल करायला तयार होईना, आणि त्याच्या जागी मीही झालो नसतो. शेवटी मित्राची नजर माझ्या गॅलरीतल्या जात्यावर गेली.

ते आईचं. ती गेल्यावर भावांनी बाकी सगळं वाटून घेतलं, मी जातं मागितलं. तिची दुसरी एकही वस्तू माझ्याकडे नाही. डाळ भरडताना ती मधल्या खिळीला चिंधी गुंडाळायची, म्हणजे वरचा दगड जरासा उचलला जायचा आणि दाण्याचं पीठ व्हायचं नाही. मी ते सांगितल्यावर मित्र हसला. "चिंधी कशाला? आमी वायसर बनवू."

त्याने बनवलेला पितळी वायसर खिळीवर चढवला आणि पहिल्याच फेऱ्यात जव हवे तसे फुटले. आईच्या तळव्याने गुळगुळीत झालेला तो लाकडी खुंटा हातात धरून मी दारूसाठी जव भरडत होतो. तिने पाहिलं असतं तर आधी मला बोलणी बसली असती, मग बाजूला सारून तिनेच भरडून दिले असते.

पुढे मी आठ दिवस गावी निघालो तेव्हा त्याने जातं मागितलं. "दे माझ्याकडं, दुप्पट माल काढून ठेवतो." मी दिलं. परत आलो त्याच संध्याकाळी त्याने जातं माझ्या घरी आणून दिलं, पुसून स्वच्छ. वरच्या दगडावर टाकीचे ताजे घाव होते. "धार गेली होती," तो म्हणाला, "पाथरवटाकडून टाकी लावून आणली." न सांगता कुणी माझं इतकं करावं, याने मला भरून आलं. त्या खेपेच्या बाटल्यांतल्या जास्तीच्या मी त्यालाच दिल्या.

वर्षभर आम्ही त्यावर जव भरडले. मग आईची तिथी आली. लाडवांसाठी हरभऱ्याची डाळ तिच्याच जात्यावर दळायची म्हणून मी पहिल्यांदाच वायसर काढला. दगडावर दगड टेकला.

आमच्या गल्लीत सातपाटीची एक मावशी मासे विकायला येते. तिला लाडू दिला. तिने एक घास खाल्ला आणि थांबली.

"कच हाय रे यात. नवीन जातं घेतलंस काय?"

"आईचं आहे मावशी. टाकी लावली होती."

"टाकीची कच दोन दळणांत जाते." ती गॅलरीत येऊन जात्यापाशी बसली आणि माझं बोट धरून जात्याच्या तोंडाच्या काठावर फिरवलं. "मूठ मूठ दाणे टाकून हे तोंड झिजतं. अजून बोचतंय बघ. या दगडाला बाईचा हात लागलेला नाय."

मी तसाच मित्राच्या घरी गेलो. दाराबाहेरच्या नळावर नेहमीसारखे पाय धुतले आणि तिथूनच विचारलं. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. जातं नेताना बेटेगावला स्कूटर घसरली, वरचा दगड दुभंगला. पाथरवटाकडून त्याच मापाचा नवा करून घेतला, जुना खुंटा त्यात ठोकला, जुना दिसावा म्हणून चहाच्या चोथ्याने घासला.

"तुला वाईट वाटलं असतं, म्हून नाय सांगितलं."

दगड फुटला याचं मला वाईट वाटलं असतं, पण मी ते सोसलं असतं. वर्षभर मी परक्या दगडाला आई समजत होतो आणि हा समोर बसून जव ओंजळीने पुढे करत होता, ते मला सोसेना.

"तुकडे कुठे आहेत?"

 त्याने माझ्या पायांकडे पाहिलं.

नळाखाली दोन अर्धगोल दगड जोडून बसवले होते, पालथे, भोकं सिमेंटने बुजवलेली. आमच्या घरी जात्याला चुकून पाय लागला तर आई हातातलं काम टाकून नमस्कार करायला लावायची. वर्षभर ड्युटीवरून त्याच्याकडे येताना मी तिथे उभा राहून चिखलाचे पाय धुतले होते, आणि तो दारात टॉवेल घेऊन उभा असायचा.