नातीच्या भेटीला भावकी

आमच्या सारसोळ्याहून जुईनगर ते किती लांब? रिक्षा मिळाली की हा गेलो आणि हा आलो. तिथे माझी नात राहते, आईबरोबर. आणि तिला भेटायला मला कोर्टाची पायरी चढावी लागली, आहे की नाही कमाल!

झालं असं, की माझ्या मुलाचा घटस्फोट झाला. नात आईकडे राहणार आणि बापाने ठराविक रविवारी तिला भेटायचं, असं ठरलं. पण माझा मुलगा बोटीवर नोकरीला, महिनोन् महिने समुद्रात. ते रविवार नुसते वाया जायचे. मी म्हटलं, त्याच्या जागी मी जाते की! रेशनच्या रांगेत नाही का, घरातलं कोणीही उभं राहतं? सुनेला फोन केला. आता ती सून नाही, पण माझ्या जिभेला कोण समजावणार? ती म्हणाली, "भेट त्यांची आहे, तुमची नाही." आणि फोन ठेवला. माझं डोकंच फिरलं.

राग उतरला, पण प्रश्न काही जाईना. खरंच माझी नाही? आजीला कायद्यात जागा आहे तरी कुठे? शेवटी एका वकीलबाईंना गाठलं आणि विचारून विचारून त्यांना भंडावून सोडलं.

त्या म्हणाल्या, "आजीचा भेटीचा हक्क असा कायद्यात वेगळा लिहिलेला नाही. मुलाची वेळही तुम्हाला वापरता येणार नाही. स्वतःच्या नावाने अर्ज करा. पण कोर्ट तुमचा हक्क नाही बघणार, मुलीचं भलं कशात आहे ते बघेल."

"म्हणजे भेट माझी नाहीच, नातीची?"

"तसंच समजा."

हे मला भारी वाटलं. घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होते.

अर्ज केला. कोर्टाने आधी मध्यस्थीला पाठवलं, बोलून मिटतंय का बघा म्हणून. आता आमच्यात बोलणी म्हटली की एकटं कोणी जात नाही. मुलगी मागायची असो की भांडण मिटवायचं असो, भावकी जाते. जितकी माणसं जास्त, तितका समोरच्याचा मान. मोठी जाऊ, म्हणजे नातीची मोठी आजी, तर माझ्यावरच उखडली, "एकटी कशाला जातेस? आमी काय मेलो हाव?" मग काय, जावा, दीर, पुतणे, टेम्पो भरून कोर्टात निघालो. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली, अंगावर सोनं, केसात फुलं. जावेने सुनेला द्यायला नारळही घेतला होता.

सून तिच्या वडिलांबरोबर आली, आम्हाला बघितलं आणि जिन्यातच थांबली. मी आपली खूश, की बघ बाई, तुझ्या लेकीला किती माणसं आहेत!

आत मध्यस्थबाईंसमोर ती म्हणाली, "हीच माणसं मला मागणी घालायला आली होती. तेव्हा बरं वाटलं होतं. आज वाटलं, पोरीला उचलून न्यायला आलेत."

मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मानाने नेलेली माणसं, आणि हिला धाक वाटावा? चिडले मी. पण मग मनात आलं, त्या जिन्यातून आम्ही दिसत तरी कसे असू?

शेवटी मध्यस्थबाईंनी तोड काढली. रविवारी जुईनगरच्या बागेत, सुनेसमोर भेट. आजीने एकटीनेच यायचं. पोरगी रमली तर पुढे चालू, बावरली तर बंद.

रविवारी एकटी गेले. नात धावत आली आणि मध्येच थांबली. माझ्या मागे बघितलं, मग फाटकाकडे बघितलं.

"मोठी आजी कुठाय? काका?"

"आज मी एकटीच आले गं."

तिचा चेहरा उतरला. "सगळे माझ्यावर रागावलेत?"

मला रडूच फुटलं. खरं सांगावं तर आईवर येणार, गप्प बसावं तर पोरीवर. आणि ती अशीच बावरलेली राहिली तर माझी भेटच बंद.

तेवढ्यात सून बाकावरून उठली आणि तिच्यासमोर खाली बसली. "नाही गं राणी. मीच त्यांना येऊ नका म्हटलं."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पुढच्या रविवारी मोठ्या आजींना आणा. टेम्पो नको."