पप्पांच्या वाट्याची डाळ

तुमच्या ओळखीचं जे माणूस रोज एकटं जेवतं, त्यानं काल दुपारी काय खाल्लं, सांगता येईल तुम्हाला? ‘डबा लावलाय’, ‘तब्येत बरी आहे’ ही उत्तरं नकोत. पदार्थाचं नाव सांगा. मला सांगता आलं नव्हतं. आणि मी तर काय खावं याच विषयावर पत्रक लिहिलं होतं.

आमचं घर पत्रकांचं. पप्पा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. क्वार्टरमध्ये आमची एक रीत होती. ताटं वाढली की पप्पा नव्या पत्रकाचा मसुदा मोठ्यानं वाचायचे, आणि आई आणि मी चुका काढायचो. ‘‘हे वाक्य कोण वाचणार? पाळी संपून माणूस घरी जाईल तरी संपायचं नाही,’’ असं आई म्हणायची आणि ते चिडून उत्तर देत असताना त्यांच्या ताटात मटकीची आणखी एक पळी टाकायची. भांडता भांडता ते भरपूर जेवायचे. काय जेवलो हे विचारलं तर सांगता आलं नसतं.

निवृत्तीनंतर ते दोघं विश्रांतवाडीला राहायला गेले. दोन वर्षांपूर्वी आई गेली. मी तोवर नोकरीसाठी हडपसरला आले होते. खोली शोधताना एका घरमालकानं विचारलं, ‘‘अंडी वगैरे खात नाही ना?’’ मी म्हटलं, ‘‘वगैरेसकट खाते.’’ अशा तीन खोल्या हातच्या गेल्या, चौथी मिळाली. तिथे मी ओट्याशी उभी राहून जेवते. एका माणसासाठी ताट घ्यायचं म्हणजे नंतर ते घासायचं, एवढंच. पप्पांना एका खानावळीचा डबा लावला होता, तो घरच्याच डब्यात भरून यायचा. रोज संध्याकाळी फोनवर आमचं बोलणं ठरलेलं.

‘‘जेवलात?’’

‘‘जेवलो. तू?’’

‘‘जेवले.’’

एवढं बोलून आम्ही फोन ठेवायचो. दोघंही खोटं बोलत होतो असं नाही. पण खरंही काही सांगत नव्हतो.

रविवारी सकाळी आमचा एक गट हडपसरच्या वस्तीत आरोग्याचं काम करतो. तिथे बायका भात आणि मिरचीचा ठेचा खाऊन दिवस काढतात आणि म्हणतात, पोट भरलं की झालं. मला राग आला. राग आला की मी पत्रक लिहिते, वळणच तसं आहे. प्रथिनं म्हणजे काय हे सांगायला मी पप्पांच्याच आठवणीतला जुना छापखाना वापरला. तिथे शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, जुळवून ओळ बनायची. छापून झालं की ओळ मोडायची, खिळे सुटे करायचे आणि त्यांतूनच नवा मजकूर जुळवायचा. मी लिहिलं, आपलं पोट हेच करतं. डाळीतलं, अंड्यातलं, मटणातलं प्रथिन जसंच्या तसं अंगाला लागत नाही. त्याची ओळ मोडते, अमिनो आम्लं सुटी होतात, आणि शरीर त्यांतून स्वतःचा मजकूर जुळवतं: स्नायू, कातडी, रक्त. हे खिळे वीस प्रकारचे. त्यांतले नऊ शरीराला घडवता येत नाहीत, ते ताटातूनच यावे लागतात. एकही कमी पडला की ओळ अडते. भाताचपातीत जो खिळा कमी असतो तो डाळीत असतो, डाळीत जो कमी तो धान्यात. म्हणून दिवसभरात दोन्ही खा. आणि चरबीसारखं या खिळ्यांचं कोठार नसतं. बाहेरून आले नाहीत की शरीर उभा मजकूर मोडून खिळे काढतं. तो मजकूर म्हणजे आपले दंड, आपल्या मांड्या.

खाली ठळक अक्षरात मी छापलं: ‘डाळ, अंडी थोडी असतील तर आधी गरोदर बाईला आणि वाढत्या मुलाला.’

एक गठ्ठा पप्पांना दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘‘मुद्देसूद आहे,’’ म्हणाले. माझ्या लिखाणाला त्यांनी आजवर दिलेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. मी आठवडाभर हवेत होते.

नंतर दोनेक महिन्यांनी त्यांच्या नडगीला मोरीच्या दाराची कड लागली. जखम लहान होती, पण महिना झाला तरी भरेना. मी रजा काढून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली, पायाकडे बघितलं, मग म्हणाल्या, ‘‘काका, हात न टेकता खुर्चीतून उठा बघू.’’

पप्पा उठले नाहीत. त्यांनी जोर लावला, तोंड लाल झालं, आणि ते जागच्या जागी राहिले. पँटच्या आतल्या त्या मांड्या मी कितीतरी दिवसांत बघितल्याच नव्हत्या.

‘‘जेवतात काय?’’ बाईंनी मला विचारलं.

‘‘डबा येतो. चारी ठाव असतो.’’

‘‘डबा येतो का, हे मी विचारलं नाही. जेवतात काय?’’

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

बाईंनी रक्त तपासायला दिलं, मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे बघायला, आणि जे माझ्या पत्रकात नव्हतं ते सांगितलं. वय झालं की स्नायू पूर्वीसारखे प्रतिसाद देत नाहीत. जेवढ्या डाळीत तरुण शरीर काम भागवतं तेवढ्यात म्हाताऱ्याचं भागत नाही. त्याला जास्त लागतं, रोज, प्रत्येक जेवणात, आणि सोबत उठणं-चालणंही. पोटात एकूणच कमी गेलं तर शरीर आलेली डाळसुद्धा जळणात घालतं. मग जखम भरायला उरतं काय?

पुढच्या गुरुवारी मी न सांगता दुपारी विश्रांतवाडीला गेले. तळमजल्यावर इमारतीच्या वॉचमनची बायको पायरीवर बसून जेवत होती. सातवा महिना होता तिला. तिच्या पुढ्यातला डबा पप्पांचा होता. आईनं त्याच्या झाकणावर खिळ्यानं ओढलेली खूण मी कुठेही ओळखेन.

ती गडबडून उठायला लागली. ‘‘ताई, मी मागत न्हाई हो. काकाच देतेत. म्हन्ले, डाळ पचत न्हाई त्यास्नी. अंडं बी न्हाई.’’

‘‘तू बस. जेव,’’ मी म्हटलं आणि वर गेले.

पप्पा टेबलाशी बसले होते. समोर कपभर चहा आणि एक चपाती. चपातीची सुरळी करून ते चहात बुडवत होते.

‘‘हे जेवण?’’

‘‘तू आज कशी?’’

‘‘हे रोजचं जेवण आहे का, पप्पा?’’

त्यांनी हात लांब करून टेबलाच्या कोपऱ्यातला गठ्ठा ओढला, वरचं पत्रक काढलं आणि ठळक ओळीवर बोट ठेवलं. ‘‘हे कुणी लिहिलंय?’’

‘‘घरातल्या बाईबद्दल आहे ते! तुमच्या घरात कोण गरोदर आहे?’’

‘‘घर म्हणजे एवढंच का गं?’’ ते म्हणाले. ‘‘हे मी शिकवलं तुला?’’

मी खुर्चीत बसले. मग ते जरा नरमाईनं म्हणाले, ‘‘आणि म्हाताऱ्याचं नाव दाखव यात. मी शोधलं.’’

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. नव्हतं. गरोदर बाई होती, मूल होतं, ओझी उचलणारा हमाल होता. ज्यांनी मला लिहायला शिकवलं ते नव्हते. माझ्याच पत्रकानं सांगितलं म्हणून त्यांनी आपल्या वाट्याची डाळ दिली होती. आम्ही पत्रकवाली माणसं. छापलेलं ते पाळतो, आणि छापून दिलं की आपलं काम झालं असं समजतो.

‘‘दोघांना पुरेल एवढं सांगता आलं नसतं का खानावळीला?’’ मी विचारलं.

‘‘आलं असतं,’’ ते म्हणाले. मग बराच वेळ चहात तुटून पडलेला चपातीचा तुकडा चमच्यानं काढत राहिले. ‘‘पण खरं सांगू? तुझी आई गेल्यापासून एकट्यानं डबा उघडवत नाही. चहा-चपाती उभ्यानंही होते.’’

माझा ओटा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी त्यांना सांगितलं नाही.

त्याच दिवशी डबे दोन केले. पत्रक नव्यानं लिहिलं आणि त्याचा मसुदा घेऊन मी रविवारी दुपारी गेले. कुकरला मटकी लावली, चार अंडी उकडली, ताटं वाढली आणि वाचायला लागले. तिसऱ्याच ओळीला पप्पांनी हात वर केला. ‘‘लांबलंय.’’ मी भांडले. भांडताना पळी उचलली. दुसरी वाटी कधी संपली ते त्यांना कळलं नाही.

वॉचमनची बायको आता बाळंतपणाला माहेरी गेलीय. जखमेच्या कडा गुलाबी झाल्यात. गेल्या रविवारी पप्पा हात न टेकता खुर्चीतून अर्धे उठले, मग टेकावा लागला. ‘‘अर्धा मसुदा,’’ म्हणाले.

पण मला रविवार आणि गुरुवार एवढेच जमतात. बाकीच्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून मी त्यांना फोनवर वाचून दाखवते. पलीकडून चमच्याचा आवाज येतो. चमचा वाटीत आहे की कपात, ते ऐकून कळत नाही.

म्हणून तुम्हाला मागणं एकच. हा मजकूर कुणाला पाठवू नका. पाठवून काय होतं ते मी बघितलंय. तुमच्या इमारतीत, गल्लीत, घरात जे माणूस एकटं जेवतं, त्याच्याकडे उद्या दुपारी जेवायच्या वेळी जा. वाटीभर उसळ न्या, आणि भांडायला एखादा विषय न्या. त्याच्यासमोर बसा. वाटी रिकामी होईपर्यंत उठू नका.