चेष्टा मत कीजिए

छोट्या संगणकाकडून माझ्या अपेक्षा फार नव्हत्या. मोठा जे करतो ते सगळं त्यानं करावं, डब्याच्या पिशवीत मावावा आणि बऱ्या मोबाइलपेक्षा स्वस्त पडावा, एवढंच. म्हणजे शेळीनं दूध म्हशीएवढं द्यावं, पण चारा मात्र शेळीचाच खावा.

गरज बायकोची होती. मुलगी जरा मोठी झाल्यावर, दहा वर्षांच्या खंडानंतर, तिनं मोहालीत औषधांवरचं संशोधन पुन्हा हाती घेतलं होतं. रोज सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावरून जायचं आणि खांद्याला जुना लॅपटॉप. लॅपटॉप कसला, पाटाच तो, आणि चार्जर म्हणजे वरवंटा. खांदा पार धरला. त्यात पंधरा दिवसांनी समितीपुढं सादरीकरण. समितीनं मान डोलावली तर पीएचडीची नोंदणी, नाहीतर पुन्हा घरी.

"अहो, वजनाला हलका काहीतरी बघा," ती म्हणाली.

मी इतिहासाचा मास्तर, नोकरीसाठी सांगलीहून इकडं उत्तरेत आलेला. पण घरातलं तंत्रज्ञानाचं खातं माझ्याकडं, कारण ते मी दुसऱ्या कुणाला घेऊच दिलेलं नाही. सेक्टर बावीसच्या बाजारात जाऊन मी सांगलीच्या हिंदीत फर्मावलं, "हमको हलका चाहिए."

दुकानदार सरदारजींनी वहीएवढा संगणक पुढं ठेवला. "ये लो जी, हल्के-फुल्के काम के लिए बढ़िया है."

"प्रेझेंटेशन चलेगा?"

"चल तो जाएगा जी."

त्या 'तो'मध्ये केवढा इशारा होता, हे हिंदी येणाऱ्याला कळतं. मलाही हिंदी येते, असं तेव्हा माझं मत होतं.

घरी मी तिची सगळी चित्रं, आलेख त्यात भरले. ती म्हणाली, "पेन ड्राइव्हवर पण घेऊ का?"

"कशाला? नव्या यंत्रावर विश्वास ठेवायला शिक."

सादरीकरणाच्या दिवशी मी रजा काढून बरोबर गेलो, कौतुक बघायला. सभागृहात पडद्याची केबल लावायला गेलो, तर केबलचं तोंड मोठं आणि आमच्या संगणकाचं भोक एवढंसं. समितीचे तिघं घड्याळाकडं बघायला लागले. बायको माझ्याकडं बघायला लागली. घड्याळ परवडलं.

तेवढ्यात सभागृहाची यंत्रं सांभाळणारे गृहस्थ आले. त्यांनी संगणक तळहातावर घेतला, उलटा केला आणि हसले. "सर, ये तो बच्चों का खिलौना लगता है!" हसत हसतच त्यांनी वळून कपाट उघडलं.

माझं डोकं फिरलं. बायकोच्या दहा वर्षांचा प्रश्न आणि हा माणूस थट्टा करतोय! शक्य तेवढ्या सभ्यपणे, पण करड्या आवाजात मी म्हणालो, "देखिए, आप चेष्टा मत कीजिए."

ते थबकले. "बिल्कुल नहीं?"

"बिल्कुल नहीं!"

"ठीक है जी. जैसी आपकी मर्ज़ी." त्यांनी उघडलेलं कपाट बंद केलं आणि शांतपणे मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी मनात म्हटलं, कसा सरळ केला!

पाच मिनिटं मी ती केबल त्या भोकात घालायचा प्रयत्न करत होतो. शेवटी बायकोनं फळ्याजवळचं मार्कर उचललं. "अहो, तुम्ही बसा," एवढंच म्हणाली आणि बोलायला लागली. आलेख हातानं काढले. औषधाचा रेणू काढला, त्याचा एक हात चुकला, तो पुसून परत काढला. तिघांतल्या एक बाई तर उठून फळ्यापाशीच गेल्या, दोघींचा वाद रंगला. माझ्या हातात केबल तशीच. कधी नव्हे ते मला तिचं संशोधन कळत होतं.

शेवटी समितीच्या अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं, "पडद्यावर काहीच नाही, हे मुद्दाम का?" ती म्हणाली, "नाही, सर. मिस्टरांमुळे." सगळे हसले आणि नोंदणीला होकार मिळाला.

बाहेर पडताना मी त्या गृहस्थांना सुनावलं, "थोडी मदद करते तो?"

"कर ही तो रहा था जी! कन्वर्टर उसी अलमारी में था. आपने ही बोला, चेष्टा मत कीजिए."

मला काही उमगेना. बायको मात्र भिंतीला टेकून हसत होती. डोळे पुसत म्हणाली, "अहो, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न!"

गृहस्थांना मराठीतला अर्थ समजावला, तेव्हा त्यांनीच आम्हाला चहा पाजला. वर कपाटातला, केबल आणि संगणक जोडणारा तो बोटभर कन्वर्टर आणून विचारलं, "मॅडम, अब चेष्टा करूँ?"

तो छोटा संगणक आजही तिच्या पिशवीत असतो. बसमध्ये ती त्यावर टिपणं लिहिते, आणि तेवढं काम तो झकास करतो. सरदारजी खरंच बोलले होते. घरात मात्र मी कुठल्याही यंत्राकडं हात नेला, की आतून आवाज येतो,

"अहो, चेष्टा नको. दोन्ही भाषांत!"